वाळूचा घाणा आणि तिळाचा घाणा



आपल्या मराठी भाषेत एक म्हण आहे, 'प्रयत्नांती परमेश्वर'. शाळेच्या भिंतीवर ती रंगवलेली असते, गुरुजी ती सुविचार म्हणून फळ्यावर लिहितात, आणि मुलगा नापास झाला की शेजारीपाजारी तीच ऐकवून जातात. आपण ज्या दिवशी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या दिवशी या म्हणीतला परमेश्वर आपल्या घरातून गेला. मग प्रयत्नांच्या शेवटी आता काय उरले, असे आपल्या घरातल्या एखाद्या चुणचुणीत मुलीने विचारले तर आपण तिला काय उत्तर देणार? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ईश्वर मानणाऱ्याला एक सोय असते. कष्ट करूनही फळ मिळाले नाही, तर 'त्याची इच्छा नव्हती' असे म्हणून तो कपाळाला हात लावतो आणि मोकळा होतो. आपल्याला ती सोय नाही. आपल्या यशाची आणि अपयशाची कारणे आपल्याला याच जगात, याच जन्मात शोधावी लागतात. म्हणून चिकाटी कशाला म्हणावे, ती कुठे धरावी आणि कुठे सोडावी, याचा विचार बौद्ध माणसाला अधिक काळजीने करावा लागतो.

वाळू रगडून तेल काढण्याची गोष्टही आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. प्रयत्न केला तर वाळूतूनही तेल निघेल, असे तो श्लोक म्हणतो. (मूर्खाची समजूत घालणे त्याहूनही कठीण आहे हे सांगण्यासाठी कवीने ते लिहिले होते, पण सुविचार लिहिणारे पुढचे वाचत नाहीत.) तथागतांनी हाच दृष्टान्त दिला आहे, पण अगदी उलट बाजूने. मज्झिम निकायात भूमिज नावाच्या भिक्खूच्या निमित्ताने सांगितलेले एक सुत्त आहे. एखादा माणूस तेलाच्या गरजेने निघाला, त्याने घाण्यात वाळू टाकली, वर पाणी शिंपडले आणि ती पिळत बसला, तर त्याने कितीही इच्छा धरली तरी तेल निघणार नाही. त्याच माणसाने तीळ टाकून पिळले, तर इच्छा धरो वा न धरो, तेल निघेलच. गाईचे शिंग पिळून दूध येत नाही, पाणी घुसळून लोणी येत नाही, ओल्या लाकडावर ओले लाकूड घासून अग्नी पेटत नाही, असेच आणखी तीन दृष्टान्त तिथे आहेत.

या दृष्टान्तातला वाळू पिळणारा माणूस आळशी नाही, हे नीट ध्यानात घ्या. त्याच्या अंगातून घाम निघतो आहे, त्याची श्रद्धाही कमी नाही. फक्त घाण्यात काय पडले आहे हे त्याने वाकून पाहिलेले नाही.

आपल्या पूर्वजांकडे पाहा. चिकाटीत ते कुणाला हार गेले असते काय? मेलेली ढोरे ओढणे, सरकारी टपाल घेऊन रात्री-अपरात्री धावणे, पाटलाच्या वाड्यापुढे हात जोडून उभे राहणे, हे त्यांनी पिढ्यानपिढ्या केले. त्याबद्दल वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदारची बलुत्याची भाकर मिळे. एवढ्या कष्टांना फळ का आले नाही? कारण ती चिकाटी नव्हती, ते सोसणे होते. सोसणाऱ्याला आपले साध्य माहीत नसते, त्याला फक्त आजचा दिवस काढायचा असतो. बाबासाहेबांनी महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात आणले तेव्हा वतन हातचे जाईल म्हणून घाबरलेले लोक आपल्यातच होते. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. हलकी गावकी वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. बाबासाहेब तो पाहायला हयात नव्हते. सोसण्याला हजार वर्षांत जे साधले नाही ते एका मागणीला तीस वर्षांत साधले.

आता महाडकडे या. २० मार्च १९२७ हा दिवस आपण दरवर्षी साजरा करतो, पण त्यानंतरची दहा वर्षे फारशी कुणी सांगत नाही. चवदार तळे नगरपालिकेचे होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात झाला होता आणि त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. कागदावर हक्क होता, ओंजळीत पाणी नव्हते. बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्याच दिवशी परत निघालेल्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, तळ्याचे पंचगव्याने शुद्धीकरण झाले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर महाडच्या काही सवर्ण गृहस्थांनी दिवाणी दावा लावून मनाईहुकूम आणला. हे तळे आमचे आहे आणि अस्पृश्यांना येथे न येऊ देण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, असे त्यांचे म्हणणे.

त्या डिसेंबरात महाडला जमलेल्या माणसांची मनःस्थिती डोळ्यांपुढे आणा. पायपीट करून आलेली, मार खायला आणि तुरुंगात जायला तयार असलेली माणसे. पाणी दोन पावलांवर. आणि त्यांचा नेता त्यांना सांगतो की न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. कित्येकांना ही माघार वाटली असेल. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली आणि तळ्याचा सत्याग्रह तहकूब झाला. मग सुरू झाले तारखांचे पर्व. मनाईहुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला. मूळ दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागला १९३१ मध्ये. फिर्यादी ठाण्याला अपिलात गेले, तिथे १९३३ मध्ये हरले. ते उच्च न्यायालयात गेले. तिथे न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी अपील फेटाळले, कारण अनादी वहिवाटीचा पुरावा फिर्यादींना देता आला नव्हता. पाणी प्याल्याला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. दहा वर्षे वकीलपत्रे, साक्षी, जुने दाखले, नगरपालिकेचे दप्तर. यात घोषणा नाही, मिरवणूक नाही, फोटो काढावा असे काही नाही. मला स्वतःला महाडच्या त्या एका दिवसापेक्षा ही दहा वर्षे अधिक अवघड वाटतात.

त्याच काळात नाशिकला दुसरा घाणा चालू होता. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते पुढे होते, स्त्रिया दरवाजांवर धरणे धरून बसत होत्या. त्याच वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, डोकी फुटली. लोक तुरुंगात गेले. दुसरे वर्ष, तिसरे वर्ष. चिकाटी म्हणाल तर महाडपेक्षा रेसभरही कमी नव्हती. पण दरवाजे बंदच. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्राने कळवले की हा सत्याग्रह आता थांबवावा. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून तो आरंभलेला नव्हता, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता, आणि ते काम झाले आहे, असे त्यांचे कारण होते. समाजाने आपली शक्ती आता शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे लावावी, असे त्यांनी सांगितले. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि नाशिकचा लढा तिथेच संपला.

नाशिकचे लोक हरले काय? त्यांच्याकडे चिकाटी नव्हती काय? कुणीही असे म्हणणार नाही. महाडला मागणी होती एका हक्काची. तो हक्क ठरावाने दिलेला होता आणि न्यायालयात तो पुराव्याने तपासता येत होता. प्रत्येक निकालाला घाण्याच्या तळाशी तेलाचा थेंब दिसत होता. नाशिकला मागणी होती दुसऱ्याच्या अंतःकरणाकडे, आणि ज्या अंतःकरणाला शास्त्राची कडी लागलेली आहे ते धरण्याने उघडत नाही, हे चार वर्षांत दिसून आले. बाबासाहेबांनी माणुसकीचे साध्य सोडले नाही. त्यांनी घाण्यात वाकून पाहिले आणि वाळू बाहेर काढली. येवल्याच्या घोषणेपासून नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत पुढे एकवीस वर्षे गेली, ती दुसऱ्या घाण्यावर.

खुद्द सिद्धार्थ गौतमाचेही असेच झाले. सहा वर्षे त्यांनी देह कष्टवला. पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाती येई, इतका. मग त्यांनी ती तपश्चर्या सोडली आणि अन्न घेतले. त्यांचे पाच सोबती त्यांना भ्रष्ट झालेला समजून निघून गेले. त्या पाच जणांना चिकाटी आणि हट्ट यांतला भेद कळला नव्हता. पुढे सारनाथला धम्म प्रथम ऐकला तो त्यांनीच, ही गोष्ट मला नेहमी सुखावते.

अष्टांगिक मार्गातला सम्यक व्यायाम आपण वंदनेनंतर मुलांना शिकवतो. त्याची चार अंगे आहेत. न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले अकुशल सोडून देणे, न उपजलेले कुशल उपजवणे, उपजलेले कुशल टिकवून वाढवणे. यांतली पहिली दोन अंगे अडवण्याची आणि सोडण्याची आहेत. म्हणजे सोडणे हाही प्रयत्नच, आणि पुष्कळदा तो धरण्यापेक्षा जड जातो. घरातले देव नदीत सोडणाऱ्याला हे ठाऊक आहे. पंधरा दिवसांनी पोर तापाने फणफणले आणि म्हातारी सासू 'बघ, मी सांगत होते' म्हणाली की त्या प्रयत्नाची खरी परीक्षा होते.

पण सोडण्याचीही एक रीत आहे. बाबासाहेबांचा लंडनचा प्रबंध पाहा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन ते पुरे करण्याची मुभा तेवढी मिळाली होती. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून पैसा साठवला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२२ मध्ये सादर झाला, पण परीक्षकांना त्याची मांडणी रुचली नाही. पुन्हा लिहा, असे सांगण्यात आले. जवळचे पैसे संपले होते. बाबासाहेब १९२३ मध्ये मुंबईला आले, इथे बसून त्यांनी प्रबंध नव्याने मांडला आणि परत पाठवला. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस डी.एस्सी. मिळाली. मांडणी सोडली, सिद्धान्त ठेवला. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

आणि त्या तीन वर्षांत परळच्या चाळीत रमाबाई घर चालवत होत्या. हे मी मुद्दाम सांगतो. 'चिकाटीने मोठे झाले' असे आपण एका माणसाबद्दल म्हणतो, तेव्हा त्या चिकाटीचे निम्मे ओझे ज्यांच्या डोक्यावर होते त्यांची नावे गळून जातात.

आता आपल्या आजच्या घराकडे येऊ. आपल्या कित्येक घरांतला मुलगा किंवा मुलगी पुण्याला खोली करून राहते आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करते. गावाकडून दरमहा पैसे जातात. आई शेतावर किंवा धुण्याभांड्याला जाते. पहिल्या वर्षी पूर्व परीक्षा गेली, दुसऱ्या वर्षी मुख्य परीक्षा थोडक्यात हुकली, तिसऱ्या वर्षी जाहिरातच निघाली नाही. वय अठ्ठावीस, एकोणतीस. लाखो उमेदवार आणि जागा शेकड्यांत मोजाव्या लागतात, हे त्यालाही माहीत आहे. तो दिवाळीच्या सुट्टीत गावी येत नाही, कारण लोक विचारतात. अशा मुलाला आपण काय सांगणार? 'चिकाटी सोडू नकोस, बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करत' एवढे सांगून आपले कर्तव्य संपते काय?

मला वाटते, संपत नाही. उलट त्यात एक क्रूरपणा आहे. अपयशी माणसाला 'तुझीच चिकाटी कमी पडली' असे म्हणणे आणि दरिद्री माणसाला 'तुझे पूर्वजन्मीचे पाप' असे म्हणणे यांत फार अंतर नाही. दोन्ही वेळा दोष सारा त्याच्यावर जातो, आणि जागा किती होत्या, शिकवणी घ्यायला पैसे होते का, हे कुणी विचारत नाही. पूर्वजन्माच्या कर्माचा सिद्धान्त बाबासाहेबांनी नाकारला. तो आपण सुविचाराच्या वेषात घरात परत घेऊ नये.

सोण कोळीविस नावाच्या भिक्खूची कथा अशा आईबापांनी जरूर वाचावी. चंपेच्या श्रीमंत घरातला हा तरुण राजगृहाच्या सीतवनात साधनेला लागला आणि चंक्रमण करता करता त्याची पावले रक्ताळली, तरी चित्त मुक्त होईना. निराश होऊन तो घरी परतण्याच्या विचारात होता. भगवान त्याच्याकडे गेले आणि त्यांनी त्याला विचारले, तू घरी असताना वीणा वाजवीत होतास ना? तार फार ताणली तर ती वाजत असे काय? फार सैल सोडली तर? वीर्याचेही तसेच आहे, अतिताणाने चित्त अस्वस्थ होते आणि ढिलाईने सुस्त होते, असे त्यांनी समजावले. सोणाने साधना सोडली नाही, तारेचा ताण बदलला. भगवंतांनी त्याला भित्रा म्हटले नाही आणि 'आणखी चाल' असेही म्हटले नाही, हे लक्षात घ्यावे.

म्हणून त्या मुलाला जवळ बसवून हिशेब विचारावा. रागाने नव्हे, महाडच्या वकिलाने दाखले तपासावेत तसा. गेल्या वर्षापेक्षा यंदा गुण वाढले का? कोणत्या विषयात? याच अभ्यासावर दुसरी कोणती परीक्षा, दुसरी कोणती नोकरी साधते? आणखी एक वर्ष घर पेलू शकते का, धाकटीचे शिक्षण त्यात अडते का? तेलाचा थेंब दिसत असेल तर घराने आणखी कळ काढावी. चार वर्षांत काहीच उतरले नसेल तर ती परीक्षा सोडणाऱ्या मुलाला पराभूत म्हणू नये. त्याचे साध्य मानाने जगणे हे होते. अधिकाऱ्याची खुर्ची हा त्याकडे जाणारा अनेक वाटांपैकी एक मार्ग.

इथे कुणी म्हणेल, तुम्ही तर पळवाट दाखवलीत, आता जो तो अवघड कामाला वाळू म्हणेल. ही भीती खोटी नाही. दहावीला गणितात एकदा नापास झालेल्या मुलीचे लग्न उरकून टाकणारे बाप आपल्यात आहेत. 'आपल्याला ते गणित काय करायचे' असे ते म्हणतात. हा तीळ न पिळताच फेकून देण्याचा प्रकार झाला. गणित हे वाळू नाही. ते कुणाच्या अंतःकरणाच्या दारावर अवलंबून नाही, कुणाच्या जातीवर नाही, जागांच्या संख्येवरही नाही. पुन्हा सोडवले की ते येते. जे आपल्या मेहनतीने इंच इंच पुढे सरकते ते सोडण्याचा अधिकार बापाला नाही.

आणि काही तीळ फार उशिरा तेल देतात. १९५६ मध्ये दीक्षा घेतली तेव्हा बौद्ध झालेल्या माणसाच्या अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्या अखत्यारीतल्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीसाठी दार बंद होते. ते उघडले १९९० च्या कायद्याने. मधली चौतीस वर्षे होती. शाळेत नाव घालताना हेडमास्तर विचारीत, 'धर्म काय लिहू?' पोटासाठी ज्यांनी जुनीच नोंद ठेवली त्यांना मी नावे ठेवणार नाही, घरात खाणारी तोंडे मोजून त्यांनी तो निर्णय घेतला. पण असेही पुष्कळ निघाले की ज्यांनी नुकसान समोर दिसत असताना 'बौद्ध' असे लिहायला लावले आणि मुलाच्या वेळी, मग नातवाच्याही वेळी तेच लिहायला लावले. तुमच्या वस्तीत त्या वेळी दीक्षा घेतलेले एखादे जुने घर असेल, तर येत्या पौर्णिमेला मुलांना घेऊन तिथे जा. पत्र्याच्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी, शाळा सोडल्याचा एखादा पिवळा पडलेला दाखला अजून असेल. तो बाहेर काढायला सांगा, आणि धर्माच्या रकान्यात काय लिहिले आहे ते मुलांना स्वतः वाचू द्या.